शंभर मीटरच्या पलीकडून

वरूडकडच्या गावांत बेबीताईच्या आवाजाबद्दल ज्या गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या खोट्या असतील; पण उरलेल्या निम्म्याही काही थोड्या नाहीत. म्हणे, ती संत्र्याच्या बगिच्यात उभी राहून वांदरं हाकलायला लागली की शेजारच्या शिवारातली वांदरंसुद्धा झाडावरून उतरून वाटेला लागत. म्हणे, तिनं दुपारी नवऱ्याला जेवायला हाक मारली की आजूबाजूच्या मळ्यांतले चार नवरे हातातलं काम टाकून घरी निघत; हाकच अशी अंगावर यायची की आपल्यालाच आहे असं वाटावं. शेजारची लीलाबाई तर उघड म्हणायची, "बेबीले मोबाईल कायले पायजे? तिले रेंज देवानंच देली."

आवाज माहेरचा. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात तिच्या वडिलांचं भाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं एक पोतं. वडिलांना दम्याचा त्रास. त्यांनी वजन करायचं आणि परकरातल्या बेबीनं ओरडायचं, अशी वाटणी होती. जीवनराव तिला पाहायला आले तेव्हा पाहुणे म्हणे बसस्टँडवरच उतरत होते, आणि तिथूनच त्यांना पोरीचं मेथीची जुडी विकणं ऐकू आलं. घरी गेल्यावर "पोरगी बोलते ना?" हा नेहमीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. जीवनराव तर असा माणूस, की ग्रामसभेत जांभई आली तरी बाहेर जाऊन देईल. लग्न ठरल्यावर गाव म्हणालं, बरं झालं, दोघांचं मिळून आता माणसाएवढं बोलणं होईल.

आणि तसंच झालं. ती बोलायची, ते ऐकायचे, संत्री पिकायची. वर्षाली नावाची पोरगी झाली, दहावीत गेली. आईच्या आवाजाची तिला लाज वाटायची. शाळेच्या फाटकातून "वर्षेऽऽ, डबा!" अशी हाक आली की ती मैत्रिणीच्या, करिश्माच्या, पाठीमागे लपायची.

पुढचं सांगताना थट्टा बाजूला ठेवावी लागते.

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा लागली होती. शाळेतून नाव कमी झालेला एक पोरगा मनात राग धरून, कुठूनसा देशी कट्टा घेऊन आला. त्याचं नाव गावात कोणी घेत नाही, इथंही नको. शाळेचा शिपाई नत्थुजी तेव्हा दहावीच्या वर्गासमोर होता. त्यानं वर्गाला बाहेरून कडी घातली आणि दारासमोर उभा राहिला. दोन गोळ्या झाल्या. एक भिंतीत गेली. दुसरीनं नत्थुजी गेला. आत साधना मॅडमनी दिवे बंद केले, लेकरांना बेंचखाली घातलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पोलिसांनी येऊन कडी काढेपर्यंत सगळा वर्ग तसाच होता. वर्षाली दाराजवळच्या बेंचखाली होती.

नत्थुजीची तेरवी होईपर्यंत गाव दबून बोललं. ती रीतच आहे. मयत झालं की टीव्हीचा आवाज कोणी वाढवत नाही, कोणाकडे हळद असली तरी बँडवाल्याला गल्लीबाहेर थांबवतात. तेरवीचं जेवण झालं, सुतक फिटलं, गाव हळूहळू बोलायला लागलं. फक्त बेबीताईनं आपला आवाज सुतकातच ठेवला.

कारण सरळ होतं. एके दिवशी तिच्या हातून पाण्याचा पितळी गुंड खाली पडला, आणि वर्षाली पाटावरून उठून कोपऱ्यात जाऊन बसली, गुडघ्यात डोकं घालून. बेबीताईनं ते पाहिलं आणि ठरवलं, आता या घरात आवाज म्हणून होणार नाही.

तिचं ठरवणं म्हणजे काय, हे जीवनरावांना विचारावं. कुकर माळ्यावर गेला, कारण शिट्टी. वरण पातेल्यात शिजायला लागलं. दाराच्या कडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली गेली. कोंबडा लीलाबाईला दिला. लीलाबाईनं तो दोन दिवस पाळला आणि तिसऱ्या दिवशी शिजवला, त्यावर दोघींचं भांडण झालं, तेही कुजबुजून. बगिच्यात वांदरं पळवायची पाइपाची फटाका-बंदूक जीवनरावांनी गुरांच्या जुन्या कोठ्यात गाडून टाकल्यासारखी लपवली. वांदरांना हे कळायला वेळ लागला नाही. ती आता झाडावर बसून संत्री सोलून खायची आणि साली बेबीताईच्या दिशेनं टाकायची.

गाव म्हणालं, वा, आई असावी तर अशी.

पण बाईचा आवाज दाबला की तो पायांत उतरतो. बेबीताई अंगणातून ओसरीत, ओसरीतून परसात, परसातून पुन्हा अंगणात, चप्पल न घालता, दिवसभर फिरायची. झाडलेलं अंगण झाडायची. वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायची. वर्षालीच्या खोलीच्या दाराशी जायची, आत डोकावायची, पोरगी पलंगावर ताठ बसलेली दिसायची, कान दाराकडे लावून. बेबीताई तिथूनच परत फिरायची. पोरगी झोपत नव्हती. पुस्तक उघडं ठेवून बसायची आणि पान काही उलटायची नाही. दहावीचं वर्ष. परीक्षा समोर. आणि घरात अशी चूप, की भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा बेबीताई रागानं पाहायची.

शेवटी तिनं वर्षालीला घेऊन अकोला गाठलं. तिथं जुन्या शहरात तिचा भाऊ किसनराव फुलांचा धंदा करतो. घर कसलं, गल्लीतच पाय पसरून बसलेलं एक दुकान. खाली हार ओवणारे, समोर भांडी ठोकणारा, बाजूला पिठाची गिरणी, वरून मशिदीची बांग आणि मंदिराची आरती, मधून ऑटोवाल्यांची आपसात आई-बहिणीची विचारपूस. बेबीताईचा जीव अर्धा झाला.

"दादा, हे पोट्टी इथं कशी राहीन? हिले आवाजाचा तरास हाय."

"मंग इथं आणलं कावून?" किसनराव सुतळी दातात धरून म्हणाला. "हिमालयात न्यायचं होतं."

आणि काय सांगावं, वर्षाली झोपली. दुपारी झोपली ती दिवेलागणीला उठली. उठून वडापाव मागितला. दुसऱ्या दिवशी खाली बसून शेवंतीचे हार ओवायला लागली, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोललीसुद्धा. बेबीताईनं हात जोडले. असं का झालं असावं, याचा तिनं खूप विचार केला आणि भावाला सांगितलं, की हा अकोल्याच्या पाण्याचा गुण आहे.

"अकोल्याचं पाणी?" किसनराव खोकेपर्यंत हसला. "बेबे, आमी इथले असून नाइलाजानं पितो वं ते!"

पण तिनं ऐकलं नाही. परत येताना एसटीत वीस लिटरची कॅन पायांत धरून आणली. वर्षालीला सकाळ-संध्याकाळ तेच पाणी. जीवनरावांनी एक घोट घेतला आणि काही न बोलता उरलेलं तुळशीला घातलं. पोरगी मात्र घरी येताच पुन्हा पलंगावर ताठ. कॅन संपली, गुण काही आला नाही.

शाळेत दर आठवड्याला अमरावतीहून देवश्री नावाची समुपदेशक येत होती. वकिलांच्या घरची, वयानं पोरसवदा, जीन्सवर कुर्ता. ती दहावीच्या लेकरांना घेऊन निंबाखाली बसायची. कधी बोलायची, कधी त्यांच्यासोबत नुसती भेळ खायची. ज्यांना नत्थुजीबद्दल बोलायचं होतं ते बोलत. एक पोरगा नुसता दगड फेकत बसायचा. ती त्याला दगड वेचून द्यायची. बेबीताई फाटकाबाहेरून हे पाहायची आणि जळायची.

"ही पोट्टी लेकरायले बरं करून राहिली का खेळवून राहिली?" ती लीलाबाईच्या कानात म्हणाली.

"तू जाऊन विचार ना."

"मी कशी विचारू? माह्या आवाज मोठा हाय."

"आता कुठं हाय बापा," लीलाबाई म्हणाली. "आता तं तू शेरडीवानी बोलतं."

हे बेबीताईला लागलं. पण तिनं गिळलं.

मग सराव परीक्षा आली. पहिल्याच पेपरला, प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, वर्गात पंख्याखेरीज काही हलेना, आणि थोड्या वेळानं वर्षाली पेन तसाच टाकून उठली आणि चालत बाहेर निघून गेली. दुसऱ्या पेपरलाही तेच. तिसऱ्याला ती घरूनच निघाली नाही. म्हणाली, "मी बोर्डाले बसत नाही. तुमी मले बसवू नका."

बेबीताई त्या दिवशी इतकी फिरली, की जीवनरावांनी अंगणातली खाट तिच्या वाटेतून बाजूला केली. आणि दुपारी ती पोरीचा हात धरून थेट शाळेत गेली, निंबाखाली, देवश्रीसमोर बसली.

"मॅडम, आमी घरात काय काय नाई केलं," ती कुजबुजत म्हणाली. "कुकर बंद, कडीले चिंधी, कोंबडा देऊन टाकला. वांदरं आमचा बगिचा खाऊन राहिले, तरी मी तोंडातून आवाज नाई काढला. हिले आणखी काय पायजे?"

देवश्री वर्षालीकडे वळली. "वर्षाली, आईनं हे सगळं केलं, तेव्हा तुला कसं वाटलं गं?"

वर्षाली पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "शाळेसारखं."

"म्हणजे?"

"गोळीचा आवाज झाला ना, तवा मले वाटलं बेंच पडला कोणाचा. तवा भ्याव नाई वाटलं. मंग मॅडमनं चूप म्हटलं. मंग कोणीच काई बोललं नाई. नत्थुजी बी बाहेरून काई बोलले नाई." तिचा अंगठा मातीत रुतला. "ते रोज आमाले 'ए पोट्टेहो' म्हणत. त्या दिवशी मी वाट पाह्यली. काईच नाई. आता घरी सगळे तसेच चूप. आई दाराशी येते, पाह्यते, काई न बोलता जाते. मले वाटते, काईतरी होऊन राहिलं अन् मले सांगून नाई राहिले. मी आयकतच बसते."

"अन् तो गुंड पडला तवा?" बेबीताईचा आवाज नकळत वर चढला.

"दचकली मी. दचकीनच ना! पण मंग तू नेहमीसारखी वरडली असती ना, 'मेला तो गुंड, हात फुटले का माहे' म्हणून, तं मले समजलं असतं का गुंडच पडला. तू बी चूप झाली."

बेबीताईनं पदर तोंडाला लावला. मधे चूप पडली असं वर्षालीला वाटू नये म्हणून देवश्री समोरच्या पुडीतले शेंगदाणे कुटकुट खात राहिली. मग म्हणाली, "काकू, हे मलाही आज कळलं. मी इतके दिवस विचारत होते, गोळीच्या आवाजाचं काय वाटतं. त्यानंतरचं विचारलंच नव्हतं."

"मंग अकोल्यात झोपली ते पाण्यानं नाई?"

"कोणत्या पाण्यानं?"

वर्षाली इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

त्या संध्याकाळी चिंध्या सुटल्या, कुकर खाली आला. बेबीताई बगिच्यात गेली, पदर खोचला, आणि "हुऽऽर्र्र्! हाऽऽट!" अशी काही ओरडली, की वांदरांचा एक म्हातारा नर हातातलं संत्रं टाकून पळाला. शेजारच्या मळ्यातून कोणीतरी ओरडलं, "आली वं बेबीताई, आली!" घरी परतताना ती वाटेतूनच हाका मारत आली, आता मी नाल्याजवळ हाओ, आता मी लीलाबाईच्या घरापाशी, आता फाटक उघडून राहिली. वर्षाली खोलीत बसून पानं उलटत होती.

झोप आली, भूक आली. पण बोर्डाची परीक्षा राहिलीच. ती घरात व्हायची नव्हती. केंद्र होतं वरूडला, मोठ्या हॉलमध्ये. आणि परीक्षेचा हॉल म्हणजे चूप म्हणूनच बांधलेली जागा. वर्षाली म्हणाली, "मी जाईन. पण बसवेल का नाई, सांगता येत नाई."

देवश्री तिला घेऊन आधी तो हॉल पाहून आली, खिडकीजवळ बसून आली, दार कुठं, पाणी कुठं, सगळं. वर्गातल्या बाकी लेकरांनाही नेलं; करिश्माला दार उघडं लागायचं, दगडवाल्या पोराला भिंतीला पाठ. केंद्रसंचालकांना भेटून तिनं जमेल तेवढं मागून घेतलं. दार उघडं, खिडक्या उघड्या, हे मिळालं. "पण आवाज चालू ठेवा, असं मी कसं लिहून देऊ मॅडम?" संचालक म्हणाले. "परीक्षा आहे, लग्न नाही."

"लिहून कोणी मागितलं?" बेबीताई बाहेर आल्यावर म्हणाली. "खिडकी रस्त्याकडं हाय ना? बस्."

पहिल्या पेपरला केंद्राच्या चारी बाजूंनी चुन्याची रेघ मारलेली. शंभर मीटरच्या आत कोणी थांबायचं नाही. रेघेच्या पलीकडे, बरोबर एक पाऊल पलीकडे, बेबीताईचा संत्र्यांचा ठेला लागला. मृग बहाराचं, उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारं पीक, वांदरांनी उष्टावून उरलेलं. जीवनराव ठेल्यामागे स्टुलावर. घंटा झाली, लेकरं आत गेली, रस्ता सामसूम झाला, आणि बेबीताईनं तोंड उघडलं.

"संत्रेऽऽऽ! गोऽऽड संत्रे घ्याऽऽऽ!"

अंजनगावच्या बाजारातला आवाज तो. शंभर मीटर म्हणजे त्याला घरातल्या घरात. बंदोबस्ताचा पोलीस शिपाई धावत आला.

"मावशी, आवाज कमी करा. परीक्षा सुरू हाय."

"मी रेघेच्या बाहेर हाओ ना बापू. मोजून घे."

"तुमी बाहेर हा वो! तुमचा आवाज आत जाऊन राहिला!"

"त्याच्यासाठी रेघ मारली काय तुमी?"

शिपाई डोकं खाजवत उभा राहिला. तो चिडून फाटकापर्यंत गेला, आतून कोणाशी तरी बोलून परत आला, आणि वेगळ्याच चेहऱ्यानं म्हणाला, "ते नत्थुजीच्या शाळेचे लेकरं हायेत काय आत?" बेबीताईनं मान हलवली. त्यानं एक संत्रं उचललं, सोललं आणि म्हणाला, "मंग दमानं वरडा. तीन तास हायेत."

पण दमानं ओरडणं तिला कुठं येत होतं! पेपर चालू असेपर्यंत तिचा पाय एका जागी ठरायचा नाही. ठेल्याभोवती फेऱ्या, रेघेपर्यंत जाणं, परत येणं, फाटकाकडे पाहणं. दर वेळी तिला वाटायचं, की आता पोरगी उठून बाहेर येईल. घंटा होईपर्यंत कोणी आलं नाही. मराठी झालं. इंग्रजी झालं. ठेल्यावरची संत्री संपत, जीवनराव घरून आणखी आणत. रात्री हळदीचं दूध, जेष्ठमध, गुळण्या. लीलाबाई म्हणाली, "बेबी, तुह्या गळा बसन." बेबीताई म्हणाली, "बसला तं परीक्षा झाल्यावर बसन."

गळ्यानं एवढी वाट पाहिली नाही. गणिताच्या पेपरला अर्धा वेळ उलटला आणि "संत्रे" म्हणता म्हणता नुसती हवा बाहेर आली. तिनं पाणी प्यायलं, खाकरली, पुन्हा तोंड उघडलं. हवाच. रस्त्यावर वाहन नाही, कुत्रं नाही. उन्हात चूप पसरत चालली. बेबीताईनं फाटकाकडे पाहिलं. दारात काहीतरी हललं असं तिला वाटलं. तिनं नवऱ्याचा दंड धरून त्याला स्टुलावरून उठवलं आणि घशातून खरवडून दोन शब्द काढले, "तुमी... वरडा."

जीवनरावांनी आजूबाजूला पाहिलं, चोरी करायच्या आधी माणूस पाहतो तसं. ओठ हलवले. काही निघालं नाही. पुन्हा श्वास भरला, डोळे घट्ट मिटले. संत्री विकायला काय ओरडायचं, हे त्यांना आयुष्यात कधी लागलंच नव्हतं. ओरडायचं म्हणजे बायको बगिच्यात ओरडते तेवढंच ऐकलेलं. तेच बाहेर आलं.

"हुऽऽर्र्र्! हाऽऽट! हुऽऽर्र्र्!"

शिपाई फाटकातून काठी घेऊन धावत बाहेर आला. समोरच्या दुकानदारानं छपरावर वांदर शोधलं. बेबीताईनं कपाळावर हात मारून घेतला, पण नवऱ्याला थांबवलं नाही. जीवनराव आता सुटले होते. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं म्हणा ना! मध्येच "संत्रे" आठवलं की ते म्हणत, मध्येच पुन्हा "हाऽऽट", मध्येच आपले बैल विकून कितीतरी वर्षं झाली हे विसरून बैलांचीही नावं घेतली.

घंटा झाली. लेकरं बाहेर आली. बेबीताई चुन्याच्या रेघेवर उभी राहून एकेक चेहरा पाहत होती. पहिल्या घोळक्यात वर्षाली नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. शेवटी करिश्माच्या खांद्यावर हात टाकून ती आली, ओढणी एका खांद्यावर, बोटांना शाई.

"आई, बाबा होते का वं ते?"

बेबीताईनं मान हलवली.

"पूर्ण हॉल हासला! पर्यवेक्षक सर खिडकी लावाले उठले, तं पोट्टे म्हणे, सर राहू द्या, वांदरं आत येतीन. मंग सर बी हासले."

"पेपर?" बेबीताईनं नुसत्या ओठांनी विचारलं.

वर्षालीचं तोंड उतरलं. "शेवटचं गणित राहून गेलं. येत होतं मले. वेळच नाई पुरला."

बेबीताई ठेल्याच्या कडेला टेकून खाली बसली. वेळ पुरला नाही. तिला ते दोन-तीनदा मनात म्हणून पाहावं लागलं. वेळ पुरला नाही म्हणजे पोरगी घंटा होईपर्यंत आत होती, मान खाली घालून, हातात पेन घेऊन. तिनं वर्षालीला जवळ ओढलं आणि काही बोलायला गेली. घशातून फक्त खरखर आली.

"आई, चूप नको ना राहू," वर्षाली घाबरून म्हणाली.

बेबीताईनं गळ्याकडे बोट दाखवलं, मग नवऱ्याकडे. परीक्षा सुटली होती, रस्ता पोरांनी भरला होता, शिपाई हसून हसून रेघेवर बसला होता, आणि जीवनराव डोळे मिटून अजून वांदरं हाकलत होते. त्यांना आता थांबा म्हणून सांगणार कोण? ज्या आवाजानं ते थांबले असते, तो आवाज तर संपला होता.